दिवटीखालची हळद

संध्याकाळी सात वाजता बोरसंगी गावातले सगळे कर्णे एकदम खाकरायचे आणि मग नगरपालिकेच्या रेडिओच्या खोलीतून कलावती जानकरचा आवाज यायचा. "नमस्कार, बोरसंगीतल्या कुटुंबांनो. ही आपली आरोग्यवार्ता." तव्यावरची भाकरी करपली तरी चालेल, पण त्या आवाजासाठी लोक टीव्ही बारीक करत. कलावती नुसती बातमी द्यायची नाही, झापायची. "तांबट गल्लीत पिंपांवर अजून झाकणं नाहीत. डास तुमचेच आहेत, तुम्हीच सांभाळा." "जुलाब झालेल्या पोराचं पाणी तोडणाऱ्या आज्यांनो, जरा इकडं कान करा." आज्या तिला शिव्या घालत आणि पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजत.

बातमीचा शेवट मात्र रोज कुत्र्यांनी व्हायचा. अमुक गल्लीतली सर्व कुत्री सुरक्षित, तमुक पेठेत दोन असुरक्षित, पोरं सांभाळा. बाहेरगावच्या पाहुण्यांना याचं हसू यायचं. बोरसंगीकरांना येत नसे.

काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गावात पिसाळलेलं कुत्रं चावून चार माणसं गेली होती. त्यानंतर गावानं जे केलं त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. काठ्या, पहारी, बोअरच्या लोखंडी नळ्या, हाताला लागेल ते घेऊन माणसं गल्लोगल्ली फिरली. मटणाच्या तुकड्यांत विष घातलं. व्यालेली कुत्री पिलांसकट पोत्यात भरली आणि ते पोतं बाजारकट्ट्यावर आपटलं. एरवी देवळात बायकांना पुढं जाऊ द्या म्हणणारी सज्जन माणसं होती ती. कलावतीच्या नवऱ्यानं, बिरदेवनं, आपला खंड्या लोकरीच्या गंजीखाली दडवला आणि स्वतः दारात आडवा झाला. एकानं पहार घातली ती त्याच्या डाव्या खांद्यावर बसली. तेव्हापासून त्याचा तो हात वर जात नाही. खंड्या वाचला.

गावातली कुत्री मेली, रोग मेला नाही. ओस पडलेल्या उकिरड्यांवर हायवेकडून, ऊसतोडीच्या तळांवरून नवी कुत्री आली आणि येताना रोग घेऊनच आली. तेव्हा कुठं नगरपालिकेला शहाणपण सुचलं आणि गावात दोन गोष्टी आल्या.

पहिली म्हणजे गोळा. कोंबडीची आतडी आणि मासळीचा चुरा यांचा लाडवाएवढा गोळा, आणि त्याच्या पोटात लसीची इवलीशी पिशवी. कुत्र्यानं चावा घेतला की पिशवी फुटते, लस घशातल्या गाठींना भिडते आणि सुई न टोचता कुत्र्याला रेबीजपासून संरक्षण मिळतं. लसीत एक निरुपद्रवी रंगही मिसळलेला असे. तो रक्तातून मिशांच्या आणि तोंडावरच्या केसांच्या मुळाशी उतरायचा. साध्या उजेडात काही दिसायचं नाही, पण अतिनील किरण पडले की त्या कुत्र्याचं थोबाड पिवळट हिरवं चमकायचं.

दुसरी गोष्ट ही चमक बघणारी. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी खांबावर एक जांभळा दिवा आणि कॅमेरा बसवला. खालून कुत्रं गेलं की यंत्र त्याचे कान, नाक, अंगावरचे डाग टिपून ठेवी. तोंडावर चमक असेल तर खांबावर हिरवा दिवा, नसेल तर तांबडा. एकदा हिरवा लागला की ते कुत्रं वर्षभरासाठी सुरक्षित धरलं जाई. यंत्राचं सरकारी नाव 'राखण'. पण गाव पडलं खंडोबाचं. अंधारात पेटते आणि वाट दाखवते म्हटल्यावर लोकांनी देवाच्या मशालीवरून तिचं नाव दिवटी ठेवून टाकलं.

दिवटीबरोबर एक नियमही आला. चावलेलं कुत्रं सुरक्षित असेल तर जखम साबणानं धुवा आणि घरी जा, इंजेक्शन नाही. दवाखान्यात लस आणि सिरम नेहमीच तुटपुंजं. ते खरी गरज असेल त्यालाच मिळावं, हा हिशोब कुणालाही पटण्यासारखा होता. कलावतीलाही पटला होता.

चंपाषष्ठीची कल्पना तिचीच. त्या दिवशी बोरसंगीत प्रत्येक घर कुत्र्याला नैवेद्य घालतं, भाकरी आणि वांग्याचं भरीत. कुत्रं म्हणजे देवाचं जनावर, त्या दिवशी त्याला कुणी हाड म्हणत नाही. कलावती नगरपालिकेच्या डॉक्टर नेर्लेकरबाईंना म्हणाली, "मॅडम, एरवी कुत्री धरायला माणसं लागतात. त्या दिवशी ती आपण होऊन दारात येतात. नैवेद्याबरोबर गोळा घातला तर?"

नेर्लेकरबाईंनी तिला टाळी दिली. कलावतीनं आठवडाभर कर्ण्यावरून सांगितलं, "घासाबरोबर गोळा घाला. आणि गोळा खाल्लेल्या कुत्र्याच्या तोंडाला भंडारा लावा, म्हणजे शेजाऱ्याला कळेल."

गोळे दुपारपर्यंत संपले. भंडारा कुठं संपतोय! पोट भरीत-भाकरीनं तुडुंब भरल्यावर निम्म्या कुत्र्यांनी गोळा हुंगून सोडून दिला, तो कावळ्यांनी नेला. पण देवाच्या जनावराला कोरडं कोण पाठवणार? ज्यानं गोळा खाल्ला त्याला भंडारा, ज्यानं नाही खाल्ला त्यालाही भंडारा. पोरांनी तर मुठी भरभरून तोंडं माखली. संध्याकाळी दिवट्या पेटल्या आणि गावभर एकामागून एक हिरवे दिवे लागत गेले. तांबडा कुठंच नाही.

त्या दिवशी कलावतीनं आरोग्यवार्ता दोनदा वाचली. "बोरसंगी, शंभर टक्के सुरक्षित." नगराध्यक्षांनी चौकात फटाके उडवले. बिरदेव घरी खंड्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. खंड्यानं मात्र गोळा मिटक्या मारत खाल्ला होता, बिरदेवनं तो स्वतःच्या हातानं भरवला होता.

"आता कोन मारनार न्हाई रं तुला," तो म्हणाला.

पाच-सहा दिवसांनी एक तपकिरी कुत्रं बिरदेवच्या मेंढवाड्यात शिरलं. मल्हारी गुरव तेव्हा तिथंच होता. खंडोबाचा पुजारी, बिरदेवचा लहानपणापासूनचा मित्र, देवासाठी कोकरू बघायला आला होता. कुत्रं भुंकलं नाही, गुरगुरलं नाही. सरळ एका मेंढीच्या नरड्याला लागलं, ती सोडून दुसरीच्या, मग तिसरीच्या. बिरदेव काठी न घेताच मध्ये पडला, कारण त्यानं जन्मात कुत्र्यावर काठी उचलली नव्हती. कुत्र्यानं त्याच्या उजव्या हाताचा लचका तोडला. मल्हारी ओढायला वाकला तर त्याच्या गालाला दात लागले आणि गाल ओठापर्यंत फाटला. खंड्या अंगावर धावून गेला तेव्हा कुठं ते पळालं. मागं तीन मेंढ्या तडफडत होत्या आणि कुत्र्याच्या मिशांना अजून भंडारा लागलेला होता.

दिवटीनं ते कुत्रं टिपलेलं होतं. चंपाषष्ठीपासून सुरक्षित. दवाखान्यात मल्हारीचा गाल शिवला, धनुर्वाताची सुई दिली आणि दोघांना घरी पाठवलं.

"आगं, त्या कुत्र्याचं डोळं बरं नव्हतं," बिरदेव म्हणाला. "मी रानात जनावरं बघितल्यात. मला सुई घ्यावी वाटतीया."

"आवो, मीच वाचते की रोज," कलावती म्हणाली. "यंत्र डोळं बघत न्हाई, रक्तातलं बघतं. त्या सुया दुसऱ्या कुणाला तरी लागतील." पण तिनं त्याला नळाखाली बसवलं आणि साबण लावून जखम एवढा वेळ धुतली की तो वैतागला. मल्हारीनं घरी जाऊन गालात भंडारा भरला. देवाच्या माणसाचं औषध ते.

गालाची जखम डोक्याच्या जवळ असते. विषाणू नसांतून वर चढतो, दिवसाला थोडा थोडा, आणि त्याला मेंदू गाठायला जितकी कमी वाट तितका कमी वेळ. त्या मार्गशीर्षाच्या शेवटच्या रविवारी देवळात अभिषेक चालू होता. मल्हारीनं तांब्या उचलला, देवावर धार धरली आणि त्याची मान एका बाजूला पिळल्यासारखी वळली. घसा आवळला. श्वास आत जाताना शीळ वाजली. तांब्या खणखणत पायऱ्यांवरून गेला.

"देव आला! अंगात आलं!" कुणीतरी ओरडलं.

हलगी जोरात सुटली. येळकोटाचा गजर झाला. गेल्या कित्येक वर्षांत मल्हारीच्या अंगात आलं नव्हतं, त्यामुळं गर्दी पुढं रेटली. मुठी मुठी भंडारा त्याच्यावर उधळला. एक बाई आपलं तान्हं दोन्ही हातांवर घेऊन पुढं झाली, देवानं हात लावावा म्हणून. कलावती खांबापाशी उभी होती. मल्हारी पाण्याकडं बघत नव्हता, पाण्याकडं पाठ करून भिंतीत शिरू बघत होता.

"लांब व्हा! पोरगं घ्या मागं! अंगात न्हाई आलेलं!"

कर्ण्यावर अख्खं गाव जिचं ऐकायचं तिचं तिथं कुणी ऐकलं नाही. तिनं त्या बाईच्या हातातलं तान्हं ओढून घेतलं तर बाईनं तिच्या कानशिलात लगावली. तेवढ्यात एका भक्तानं ओंजळभर तीर्थ मल्हारीच्या तोंडावर मारलं.

मल्हारीनं खुंटीवरची साखळी उपसली. खंडोबाची लंगर, मनगटाएवढ्या कड्यांची. पहिल्या फेकीत हलगीवाल्याचा जबडा गेला, दुसरीत समोरच्या म्हाताऱ्याचं कपाळ. हळदीच्या धुरळ्यात कुणाला काही दिसेना, नुसता हाडांवर लोखंड बसल्याचा आवाज येत होता. अजूनही मागची माणसं येळकोट म्हणत होती. मग मल्हारीनं साखळी टाकली आणि आपलंच डोकं दगडी खांबावर आपटायला लागला. त्याचा धाकटा भाऊ जोतिराम त्याच्या कमरेला विळखा घालून रडत होता. शेवटी चौघांनी पटक्यांनी त्याचे हातपाय बांधले.

बांधल्यावर तो क्षणभर शुद्धीवर आला. रक्तानं आणि भंडाऱ्यानं तोंडाचा चिखल झाला होता. त्यानं कलावतीला ओळखलं.

"कले, लई तहान लागलीया गं," तो म्हणाला. "पन पानी नको दावूस."

जिल्ह्याच्या दवाखान्यात तो दोन दिवसांत गेला. रेबीजची लक्षणं दिसली की उपाय नसतो, हे कलावतीनं कर्ण्यावरून शेकडो वेळा वाचलं होतं.

नेर्लेकरबाईंनी यंत्र उलटंसुलटं तपासलं. ते कुत्रं पुन्हा कुणाला दिसलं नव्हतं, पण त्याची नोंद पक्की होती. "दुसरं एखादं बाहेरचं कुत्रं कधीतरी चावलं असेल, सांगायचं राहिलं असेल. नियमानं बिरदेवला सुई बसत नाही," त्या म्हणाल्या. कलावतीनं मान डोलावली, कारण तिला तेच खरं असायला हवं होतं. घरी बिरदेव पाणी प्यायला लागला की ती स्वयंपाकघरातून बघत राहायची आणि ती बघते हे त्याला कळायचं.

पौष लागण्याआधीचा शेवटचा मुहूर्त बिरदेवच्या बहिणीच्या, शेवंताच्या लग्नाचा होता. मल्हारीच्या दुःखात वाजंत्री नको म्हणून हळद साधीच ठेवली. दिवेलागणीला नवऱ्याकडची माणसं उष्टी हळद घेऊन आली आणि ती घ्यायला बायका शेवंताला मधे घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेल्या. तिथं नेहमीची झटापट सुरू झाली, हिच्या गालाला लाव, तिच्या मानेला फास. हसण्या-ओरडण्यात त्या दिवटीखाली कधी आल्या ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

जांभळा उजेड पेटला आणि शेवंता नखशिखांत हिरवी चमकली.

गाल, गळा, दंड, बोटं, सगळं पिवळट हिरवं. बायका खिदळल्या, "आगं बया, नवरी पेटली!" कलावतीनं स्वतःचे तळहात पुढं धरले. तेही तसेच. हा रंग तिनं रोज कुत्र्यांच्या फोटोंत पाहिला होता, तसूभर फरक नव्हता.

ती पळत मेंढवाड्यात गेली. तिथं एका कुत्रीनं आठवड्यापूर्वी पिलं घातली होती. त्यांनी गोळा खाण्याचा प्रश्नच नव्हता. तिनं एक पिल्लू आणून दिवटीखाली धरलं. तांबडा. हळदीची दोन बोटं त्याच्या तोंडाला फिरवली आणि पुन्हा धरलं. वर हिरवा दिवा लागला.

फोन केल्यावर नेर्लेकरबाई गाडी घेऊन तशाच आल्या. पिल्लू बघितलं, हिरवा दिवा बघितला आणि बोनेटला टेकून उभ्या राहिल्या. "हळद," त्या म्हणाल्या. "हळदीचा रंग अतिनील उजेडात असाच चमकतो. हे मला शिकवलेलं आहे गं, परीक्षेत लिहिलंयसुद्धा. यंत्र बनवणारे कुठले, त्यांना भंडारा ठाऊक नाही. मला तर ठाऊक होता!"

"मॅडम, चंपाषष्ठीपासून जी जी माणसं चावून घेऊन आली, त्या सगळ्यांना आपण परत पाठवलंय."

"कळतंय मला." बाईंनी डोळे पुसले. "पण तू हे आज वाचू नकोस. त्या उन्हाळ्यातलं तू बघितलंयस. तू बोललीस तर उद्या उजाडेपर्यंत गावात एक कुत्रं राहणार नाही, आणि ज्यांनी खरंच गोळा खाल्लाय तीच तर आपली राखण आहे. ती मेली की बाहेरची आत येणार. मी एकेकाला गुपचूप बोलावून सुई देते. बिरदेवला आत्ता घेऊन ये, पहिली त्याला देते."

"एकेकाला म्हणजे कवा? उद्या कुणाचा घसा आवळला तर?"

मुख्याधिकाऱ्यांना कळवावं लागेल, एवढं म्हणून बाई गाडीत बसल्या. कलावतीला कळून चुकलं की मुख्याधिकाऱ्यांना कळलं की रेडिओच्या खोलीला कुलूप लागणार.

बिरदेव सगळं ऐकून घेऊन उठला. सुईचं त्यानं नावही काढलं नाही. "सांगायला तर पायजेच," तो म्हणाला. "पन थोडी थांब. खंड्याला डोंगरावरच्या वाड्यात सोडून येतो. गाव ओलांडू दे मला, मग बोल. थांबशील न्हवं?"

"थांबते," कलावती म्हणाली. आणि तिला खरंच थांबायचं होतं.

ती खोलीत जाऊन बसली तोच मुख्याधिकाऱ्यांचा फोन आला. माईकला हात लावायचा नाही, शिपाई किल्ली न्यायला निघालाय. जिन्यावर पावलं वाजली. कलावतीनं आतून कडी घातली. बिरदेव कुठवर पोचला असेल याचा तिनं विचार केला, मल्हारीच्या तोंडाचा विचार केला आणि बटण दाबलं.

"बोरसंगीतल्या कुटुंबांनो, नीट ऐका. दिवटी चुकली आहे. भंडारा लागलेली कुत्रीही तिनं सुरक्षित धरली. चंपाषष्ठीपासून ज्यांना कुत्रं चावलंय त्या सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जावं, जखम बारीक असली तरी. उशीर झाला असला तरी सुई घ्या, अजून वेळ आहे. आणि हात जोडून सांगते, कुत्र्यांना मारू नका. मारून रोग जात नाही, हे आपण बघितलंय."

तिनं ते तीनदा वाचलं. दाराची कडी तुटेपर्यंत वाचत राहिली. लोकांनी पहिली दोन वाक्यं ऐकली आणि काठ्या शोधायला सुरुवात केली.

बिरदेव तेव्हा बाजारपेठेत होता. खंड्याच्या गळ्यात दोरी, दोघं चालत निघालेले. कर्ण्यातून बायकोचा आवाज आला तेव्हा तो जागीच उभा राहिला. आजूबाजूची दुकानं ओळीनं बंद झाली आणि बंद फळ्यांमागून माणसं हत्यारं घेऊन बाहेर आली. पहिलं कुत्रं हॉटेलच्या पायरीवर मेलं, झोपेतच. मग आरडाओरडा पेठेच्या दोन्ही टोकांनी आला. रॉकेलचे बोळे, सळ्या, फावडी. एका कुत्र्याला जिवंत पेटवलं, ते कापडाच्या दुकानात शिरलं आणि दुकान पेटलं. त्या उजेडात लोकांना बिरदेव दिसला.

जोतिराम गुरव सगळ्यांत पुढं होता. भावाचं सुतक अजून फिटलं नव्हतं, हातात देवळातली तीच लंगर होती.

"बिरदेवा, सोड त्याला."

"जोत्या, ह्यानं गोळा खाल्लाय. म्या सोता भरीवलाय. मल्हारीला वाचवायला हाच धावला हुता रं!"

"माझा भाऊ कसा मेला ठावं हाय तुला? सोड!"

बिरदेव खंड्याला पोटाखाली घेऊन रस्त्यावर पालथा पडला. त्यांनी त्याला लाथा घातल्या, केसाला धरून ओढलं, अधू हात मागं पिरगाळला. हात सुटला. खंड्या पळाला नाही. धन्याला मारतायत म्हणून तो गर्दीच्या अंगावर गेला, आणि मग कुणाला काही सांगायला जागाच उरली नाही. लंगर कितीदा खाली आली ते बिरदेवनं पालथ्या पडल्या पडल्या ऐकलं.

दवाखान्यात वेगळीच लढाई चालू होती. चावलेले, न चावलेले, नुसते ओरखडलेले, सगळे दारावर आदळत होते. काच फुटली. एका म्हातारीला तुडवलं. कुणीतरी शीतपेटीच उचलून न्यायला बघितली, दोघांनी ती ओढली आणि ती फरशीवर पडून निम्म्या बाटल्या फुटल्या. नेर्लेकरबाईंच्या कपाळाला खोक पडली होती, तरी त्या टेबलामागं उभ्या राहून चावा दाखवा, चावा दाखवा, असं ओरडत सुया टोचत राहिल्या. कलावती दगड लागून एक डोळा मिटलेल्या अवस्थेत दारात माणसं अडवत होती. पहाटे बिरदेव आला. सदरा रक्तानं कडक झाला होता, ते रक्त त्याचं नव्हतं.

बाईंनी त्याला सुई दिली, जखमेच्या जागी सिरम दिलं. "उशीर झालाय," त्या कलावतीला हळूच म्हणाल्या. "पण हाताची जखम आहे आणि तू धुतली होतीस चांगली. वर्षभर तरी लक्ष ठेव."

बिरदेव बायकोशी एकच वाक्य बोलला. "थांबते म्हनली हुतीस."

चावलेली बहुतेक माणसं वाचली, कारण त्या संध्याकाळी कुणीतरी बोललं. तांबट गल्लीतली एक बाई मात्र रंगपंचमीच्या सुमारास गेली. तिला सुई मिळाली होती, पण वेळ टळून गेली होती. कलावतीनं ते कर्ण्यावर वाचलं, कारण नगरपालिकेला तिच्यासारखा आवाज दुसरा मिळाला नाही आणि तिनंही काम सोडलं नाही. रेडिओच्या खोलीतल्या दिवटीच्या पडद्यावर रोज येई: नोंदलेली कुत्री शून्य, गाव सुरक्षित. ते वाक्य मात्र ती कधी वाचत नसे.

बिरदेव रोज सकाळी तिच्यासमोर तांब्याभर पाणी प्यायचा. ती मागायची, तो प्यायचा. दोघांत बोलणं असं तेवढंच उरलं होतं. ज्या माणसानं मेंढीला कधी शिवी दिली नव्हती तो आता भांडं आपटायचा, मेंढ्यांना लाथेनं सरकवायचा. झोपेत दात खायचा. दात वाजले की कलावती उठून बसायची आणि रोग चढतोय का म्हणून त्याच्या गळ्याकडं बघत राहायची.

उन्हाळ्यात हायवेकडून नवी कुत्री आली. कधीतरी येणारच होती. नेर्लेकरबाईंनी या खेपेला गोळ्यातला रंग बदलून घेतला होता, निळा चमकणारा. कलावती पिशवीतून गोळे घेऊन फिरायची. एका दुपारी मेंढवाड्याच्या कुंपणाशी एक कुत्री आली. बरगड्या वर आलेल्या, आचळं लोंबणारी, कुठंतरी पिलं असणार. कलावती उकिडवी बसली आणि हातातला गोळा पुढं केला. कुत्री पोटावर सरपटत आली आणि हुंगून खायला लागली.

बिरदेव मागून आला. हातात काठी होती.

"बाजूला हो."

"आवो, खायला लागलीय ती. अजून पिशवी फुटली न्हाई. एवढा गोळा खाऊ द्या, मग निर्धास्त झाली."

"बाजूला हो म्हनतोय न्हवं!"

त्याचे डोळे लाल झाले होते, ओठांच्या कोपऱ्यात पांढरा फेस आला होता आणि सगळं अंग थरथरत होतं. हा बिरदेव नव्हता. ज्यानं कुत्र्यासाठी खांदा मोडून घेतला तो माणूस असा उभा राहणार नाही. इतके महिने जिची वाट बघत होती ती घडी आली, असं तिला वाटलं. कुंपणावर तांब्या होता. तिनं डाव्या हातानं तो उचलून त्याच्यापुढं धरला.

"आधी पानी प्या."

तो तिच्याकडं बघतच राहिला. "मी पिसाळलोय म्हन्तीस?"

"प्या तुम्ही. पाया पडते."

त्यानं तांब्या घेतला, तोंडाला लावला. कलावती त्याच्या गळ्याकडं बघत होती. घाटी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. कुठं आवळली नाही, मान वळली नाही, श्वास अडला नाही. पाणी हनुवटीवरून छातीवर ओघळलं तरी तो दचकला नाही. तळाचा थेंबसुद्धा ठेवला नाही. त्यानं तांब्या दगडावर पालथा घातला आणि मिशा पुसल्या. तो धडधाकट होता.

"झालं समाधान?" म्हणाला आणि त्यानं काठी उचलली.

पहिला फटका कलावतीच्या मनगटावर बसला, कारण तिनं गोळा सोडला नव्हता. दुसरा बरोबर बसला. कुत्री ओरडलीसुद्धा नाही. तिच्या तोंडात अजून घास होता.